गावच्या दफनभूमीची नोंदवही
(वर्धापन दिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



आम्ही काही धम्मदेसना करायला उभे नाही. विहारातली आम्ही काही मंडळी सुट्टीच्या दिवशी मूळ गावी जाऊन ओढ्याकाठच्या आपल्या दफनभूमीची नोंद करतो आहोत, त्याची हकीकत तेवढी सांगायची आहे.

आपल्याकडे पूर्वी मयताला माती देण्याचीच रीत. त्यामुळे आपले वाडवडील त्या गायरानाच्या तुकड्यात आहेत. पण नाव कोरलेले दगड बोटांवर मोजण्याइतके, बाकी नुसते उभे धोंडे. ज्यांना अक्षरच शिकू दिले नाही, त्यांच्या दगडावर अक्षर कुठून येणार? १९५६ च्या धर्मांतरानंतरच्या काही दगडांवर मात्र धम्मचक्र आहे, नावाआधी 'कालकथित' आहे. अक्षर वेडेवाकडे, पण आहे.

बिनअक्षरी धोंडे म्हाताऱ्या बायांनी वाचून दाखवले. सासू कडुनिंबाखाली, जाऊ बांधाकडून तिसरी, लहान लेकरं ओढ्याच्या अंगाला. पुरुषमंडळींना एवढे सांगता आले नाही, हेही सांगून टाकतो! प्रत्येक धोंड्याला वहीत नंबर दिला, कडुनिंबापासूनचे अंतर टेपने मोजले, फोटो काढला. दोघींनी वेगवेगळे विचारूनही एकच नाव सांगितले तर ते शाईने लिहायचे, एकीनेच सांगितले तर पेन्सिलीने.

झिजलेली अक्षरे सकाळच्या तिरप्या उन्हात वाचता येतात. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. तारेचा ब्रश, ॲसिड, ऑइलपेंट अजिबात नको. मायेपोटी अक्षरांत रंग भरणारे नातेवाईक भेटतात, त्यांना हात जोडून थांबवावे लागते.

दगडावर नाव राखणे आपल्या परंपरेत नवे नाही. मळवलीजवळच्या भाजे लेण्यात १४ स्तूपांचा समूह आहे, तो तिथल्या थेरांच्या स्मरणार्थ. धम्मगिरी, संघदिन ही नावे तिथे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षे झाली, नावे टिकली.

आता जमिनीचे. शेजारचा बांध दरसाल नांगरासोबत आत सरकतो. सातबाऱ्यावर नुसते 'गायरान', दफनभूमीचा शब्द नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम २२ प्रमाणे जिल्हाधिकारी अशी जमीन दफनभूमीसाठी राखून ठेवू शकतात. एकदा राखली की त्यांच्या मंजुरीवाचून ती दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. पण 'आमचे वाडवडील इथे आहेत' एवढ्यावर भागत नाही, कागद लागतो. म्हणून अर्जाला नकाशा, फोटो, नावांची यादी आणि ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदीचे उतारे जोडले. मोजणी अजून व्हायची आहे.

वही विहारात ठेवली आहे. आपल्या घरी त्या गावची आजी असेल तर येत्या रविवारी तिला घेऊन या, चहा आमच्याकडे. बांधाकडच्या रांगेतले सात धोंडे अजून बिननावाचे आहेत, आणि नांगर त्याच बाजूने येतो.