उचल घेताना विजेचं बिलही आठवा

(दिवाळीपूर्वी झालेल्या महिला बचत गटांच्या मेळाव्यातील भाषण)



दिवाळी तोंडावर आली आहे. मुकादम पाड्यापाड्यांवर येऊन गेले, काही घरांत उचलही पोचली. पंधरा दिवसांत तुमच्यातले अनेकजण कोयता घेऊन गुजरातच्या उसात जातील. काही होळीला परततील, काही ऊस संपल्यावर. निघण्याआधी आपण धान्याचा, गुरांचा, मागे राहणाऱ्या लेकरांचा विचार करतो. विजेच्या बिलाचा विचार मात्र राहून जातो. आज त्याबद्दलच बोलते.

आपल्याच भागातल्या एका घराची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. आईवडील उसात गेले. घरी आजी आणि दहावीतली मुलगी. जाताना वडिलांनी बाजारगावातल्या एका ओळखीच्या मुलाकडे बिलाचे पैसे दिले आणि म्हणाले, "दर महिन्याला भरत जा." मुलगा प्रामाणिक होता. त्यानं पैसे भरले. पण ग्राहक क्रमांकातला एक आकडा चुकला आणि पैसे दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर जात राहिले. पावती कुणी मागितली नाही, त्यामुळे चूक कुणाला कळली नाही. घरी येणारी बिलं आजीनं कुडाच्या भिंतीत खोचून ठेवली. नोटीसही त्यातच होती. फेब्रुवारीत वीज तोडली गेली. परीक्षा पंधरा दिवसांवर, आणि मुलगी रॉकेलच्या चिमणीपुढे बसलेली.

मला कळलं तेव्हा मी मदतनिधीतून थकबाकी भरली, जोडणी सुरू करून घेतली. घरच्यांनी आभार मानले, मलाही बरं वाटलं. पुढच्या वर्षी त्याच घराची वीज पुन्हा तोडली गेली. तेव्हा मी स्वतःला विचारलं, मी नक्की काय केलं होतं? पैसे भरले, पण बिल कसं वाचायचं हे त्या घरातल्या एकालाही दाखवलं नाही. ती चूक माझी. म्हणून यंदा तुम्ही निघण्याआधीच बोलते आहे.

आधी बिल वाचायला शिकू. सर्वात वर ग्राहक क्रमांक असतो. आपल्याकडे तो 12 आकडी आहे. तो घरात भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मग चालू रीडिंग आणि मागील रीडिंग बघा. दोन्हींतला फरक म्हणजे वापरलेले युनिट. चालू रीडिंग मीटरशी ताडून बघा. मीटरवरचा आकडा बिलापेक्षा थोडा पुढे गेलेला असणारच. तो मागे असेल, तर बिलात चूक आहे.

कुणी विचारेल, "ताई, घराला कुलूप असताना बिल कसलं?" दोन कारणं आहेत. एक, स्थिर आकार. दिवा लावा किंवा लावू नका, जोडणी आहे तोवर तो दर महिन्याला लागतो. दुसरं, मीटर कुलपाआड असेल तर रीडिंग घेता येत नाही आणि सरासरीनं बिल येतं. पुढे खरं रीडिंग मिळालं की त्याचा हिशोब जुळवला जातो. म्हणून निघताना मेन स्विच बंद करा, मीटरचा फोटो काढा, तारीख लिहून ठेवा. परत आल्यावर तोच आकडा दाखवता येतो.

आता युनिटचा हिशोब. हजार वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट होतं. 9 वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला तर महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. जुना 100 वॅटचा पिवळा बल्ब तेवढाच वेळ लावला तर 15 युनिट. 75 वॅटचा पंखा रोज दहा तास फिरला तर महिन्याला साडेबावीस युनिट. आणि पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड रोज फक्त अर्धा तास लावला, तरी साडेबावीस युनिटच! रात्रभराच्या पंख्याइतकी वीज अर्ध्या तासाच्या गरम पाण्याला लागते. शिवाय वापर वाढला की वरच्या टप्प्यातल्या युनिटचा दरही वाढतो. दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी वेगळा, कमी दर आहे, पण त्यालाही वापराची मर्यादा आहे. आपलं बिल कोणत्या गटात येतं ते विचारून घ्या.

आता पैसे कसे भरायचे? बिलावर तारखा आणि रकमा बघा. लवकर भरलं तर थोडी सूट मिळते, मुदतीनंतर विलंब आकार लागतो. बिल हातात पोचलं नाही म्हणून मुदत थांबत नाही.

भरणा केंद्रावर रोख भरणं आपल्याला सोपं वाटतं. भरा, पण पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पावतीवरचं नाव आणि ग्राहक क्रमांक तिथेच वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणारं पोर सोबत न्या.

दुसरा मार्ग फोनचा. ग्राहक क्रमांक टाकला की ग्राहकाचं नाव आणि रक्कम दिसते. नाव आपलं असेल तरच पुढे जा. उसाच्या फडावरूनही असं बिल भरता येतं. मात्र "आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा" असा संदेश आला तर त्या नंबरवर फोन करू नका. असे संदेश पाठवून लोकांची खाती रिकामी केली जातात. शंका आली तर 1912 या क्रमांकावर विचारा.

तिसरा मार्ग म्हणजे बँक खात्यातून आपोआप कपात. महिन्याचा पगार असणाऱ्याला तो चांगला. आपल्या खात्यात पैसे हंगामाला येतात. शिल्लक नसताना कपात आली तर बिल भरलं जात नाहीच, वर बँकेचा दंड लागू शकतो. म्हणून आपल्याला मी तो सुचवत नाही.

स्थलांतर करणाऱ्या घराला सर्वात सोयीचं आहे आगाऊ भरणं. समजा, महिन्याला साधारण 300 रुपये बिल येतं आणि तुम्ही सहा महिने बाहेर राहणार आहात. घरी म्हातारं माणूस, लेकरं राहणार असतील, तर उचलीतून 1800 रुपये आधीच भरा. पुढच्या बिलांतून ते वजा होत जातात. घराला कुलूप लागणार असेल तर मेन स्विच बंद करून त्याहून कमी भरलं तरी चालेल. उचल हे कर्ज आहे, ती अंगमेहनतीनं फेडायची आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ती खर्च होऊन जाण्याआधी बिलाचा वाटा बाजूला काढा. पावसाळ्यात हात रिकामे असतात, तेव्हाच्या बिलांसाठी मोहफुलांच्या पैशातूनही थोडं ठेवता येईल.

आणि थकलंच तर? घाबरून बिल लपवू नका. वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ते 15 दिवस आपल्या हातात असतात. कार्यालयात जा, हप्ते बांधून मागा, अर्ज लेखी द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. बिलच चुकीचं वाटत असेल तर तक्रार नोंदवून मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम भरता येते. वाद मिटेपर्यंत त्या रकमेसाठी वीज तोडता येत नाही. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे.

त्या मुलीचं काय झालं हे तुम्ही विचाराल. ती दहावी पास झाली. आता तिच्याकडे एक वही आहे. पाड्यावरच्या सात घरांचे ग्राहक क्रमांक, दर महिन्याचं रीडिंग आणि भरल्याची तारीख ती त्यात लिहिते. बाजारच्या दिवशी गटातली एक बाई सातही घरांचे पैसे घेऊन जाते आणि सात पावत्या आणते. पावत्या पत्र्याच्या डब्यात राहतात, कुडात खोचलेला कागद आता एकही नाही. गेली दोन वर्षं त्या सात घरांची वीज एकदाही तोडली गेलेली नाही. आमच्या मदतनिधीतला एक रुपयाही तिथे लागलेला नाही.

प्रत्येक गटानं आज अशी एक वही घेऊन जावी. टेबलावर ठेवल्या आहेत. घरी गेल्यावर कुडातली बिलं काढा आणि पहिल्या पानावर बारा आकडे लिहा. लिहिताना अडलं तर निघण्याआधी मला सांगा, मी पाड्यावर येते.

सुखरूप जा, सुखरूप परत या. परत याल तेव्हा घरात दिवा लागलेला असू दे.