चामडं कसं जुनं होतं
(नवी पेठ, सोलापूर येथे प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)

मंडळी, आज चामड्याविषयी बोलायचं आहे. हसू नका. पायातली वहाण, कमरेचा पट्टा, बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा, हे सारं चामड्याचं. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी विहिरीवरची मोटही पाहिली असेल. आता लग्नाच्या आंदणात 'चामड्याचा' म्हणून सोफाही येऊ लागला आहे. त्याला पुष्कळ पैसे पडतात. एवढे पैसे मोजून घरी नेमकं काय आलं, हे घेणाऱ्याला कळलं पाहिजे.

आधी एक शब्द बघू. आपण कातडं म्हणतो आणि चामडंही म्हणतो. दोन्ही एक नव्हेत. जनावराच्या अंगावरून काढलं ते कातडं. हलगीवर असतं ते कच्चं कातडं. हवेत ओल असली की हलगी बसते. शेकल्याशिवाय ती बोलत नाही. कच्चं कातडं ओलं राहिलं तर सडतं. तेच कातडं कमावलं की त्याचं चामडं होतं. पैलवान शरीर कमावतो, तसा कारागीर कातडं कमावतो.

आपल्याकडची जुनी रीत अशी. कातडं धुऊन चुन्याच्या पाण्यात ठेवतात. केस सुटतात, ते खरवडून काढतात. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवतात. हिरडा चघळला की तोंड कसं आवळून येतं! तोच तुरट रस कातड्याच्या धाग्याधाग्यांत शिरतो आणि त्यांना धरून ठेवतो. मग ते कुजत नाही. या कामाला दिवसांमागून दिवस जातात. वास सोसायचा, चुन्याने हात फुटायचे. ज्यांनी हे सोसलं त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं, आणि त्यांच्या हातची वहाण मात्र पायात घातली. हा मोठा अन्याय झाला. यावर एक वेगळं भाषण होईल.

चामडं किती टिकावं? आर्मेनिया नावाचा एक देश आहे. तिथल्या एका गुहेत 2008 साली चामड्याचा एक जोडा सापडला. गाईच्या चामड्याचा, एकाच तुकड्यातून केलेला, वादीसकट. तो सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा निघाला! गुहा थंड आणि कोरडी होती. वर मेंढ्यांच्या लेंड्यांचा जाड थर होता. ऊन नाही, ओल नाही, म्हणून तो राहिला.

आपल्या घरी अशी गुहा कुठली? सोलापूरचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा हवेत चामड्यातलं तेल हळूहळू उडतं. तेल गेलं की आतले धागे एकमेकांवर घासतात, चामडं ताठ होतं आणि घडीवर भेगा पडतात. एकदा भेग पडली की ती भरून येत नाही. ओरखडा निघतो, डाग पुसट होतो, शिवण पुन्हा घालता येते. भेगेला इलाज नाही. म्हणून काळजी आधी घ्यायची.

मी ज्या शाळेत होतो, तिथे मुख्याध्यापकांची एक खुर्ची होती. बैठक आणि पाठ चामड्याची. माझ्या आधी दोघे जण त्या खुर्चीवर बसून निवृत्त झाले होते. सुताराने तिचे सांधे दोनदा बसवले, आतला काथ्या एकदा बदलला. चामडं तेच राहिलं. मूळचा रंग फिकट तपकिरी असावा, कारण खिळ्यांच्या आडोशाला तो तसाच दिसे. हात टेकायच्या जागी ते जांभळाच्या बीसारखं गुळगुळीत आणि गडद झालं होतं. शिपाई रोज कोरड्या फडक्याने पुसायचा. खुर्ची खिडकीच्या उन्हात ठेवायची नाही, एवढा एकच नियम होता.

चांगलं चामडं असं जुनं होतं. ते वापराने मऊ पडतं, रंगाला चढतं. कोल्हापुरी वहाण घ्या. नवी असताना ती चावते. तेल पाजलं, महिनाभर चालवली, की ती तुमच्याच पायाची होते. 2019 साली सरकारने या वहाणेला भौगोलिक मानांकन दिलं. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर आपला सोलापूर जिल्हाही त्यात आहे, आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत.

आता नकली माल. रेक्झिन म्हणजे कापडावर दिलेला प्लास्टिकचा लेप. दुसऱ्या एका लेपाला पीयू म्हणतात. नवा असताना हा माल खऱ्यापेक्षा चकचकीत दिसतो. पण त्याला मुरणं ठाऊक नाही. पहिल्या दिवशी तो सर्वांत चांगला असतो, पुढे उतरतच जातो. उन्हाने आणि ओलीने लेप पापुद्र्यासारखा सुटतो, खालचं कापड उघडं पडतं. एका गृहस्थांनी लेकीच्या लग्नात कर्ज काढून असा सोफा दिला. कर्ज फिटायच्या आधीच सोफ्याची सालं निघाली. सासरी पोरीला बोलणी खावी लागली. रेक्झिन वाईट, असं मी म्हणत नाही. स्वस्तात घ्या, रेक्झिन म्हणून घ्या. चामड्याच्या भावाने घेऊ नका.

तिसरा प्रकार फार फसवा. चामड्याचा भुसा डिंकासारख्या पदार्थात दाबून त्याचा पत्रा करतात. त्यात चामडं असतं, पण धागे तुटलेले असतात. भाकरीचा चुरा दाबला म्हणून त्याची पुन्हा भाकरी होत नाही.

मग ओळखायचं कसं? कापलेली कड बघा, उलटी बाजू बघा. चामड्याची उलटी बाजू केसाळ, मखमलीसारखी असते. कापडाची वीण दिसली तर ते चामडं नव्हे. सोलापूरच्या माणसाला वीण ओळखायला शिकवावं लागत नाही! वरची बाजू बघा. छिद्रं सगळीकडे अगदी सारखी असतील तर ती छापलेली आहेत. वासही घ्या. मात्र एकाच खुणेवर जाऊ नका, वासही हल्ली लावता येतो.

घरी आणल्यावर साबणाची पूड आणि रॉकेल लावू नका. ओलं झालं तर सावलीत वाळवा. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर बुरशी येते, त्यापेक्षा सुती चादर टाका. वहाणेला तेल चालतं. सोफ्याला खायचं तेल चोळू नका, कपड्यांना डाग पडतील. चामड्याचं मलम मिळतं, ते थोडं लावा. चुलीच्या धुरापासूनही दूर ठेवा. इंग्लंडात गॅसचे दिवे आले, तेव्हा चामड्याने बांधलेली पुस्तकं लाल भुकटी होऊन झडू लागली. फॅरडे नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने दिव्यांच्या धुराला दोष दिला होता.

आणि आता तुम्हाला वाचता येतं. वस्तूवरची चिठ्ठी वाचा. 'पीयू', 'लेदरेट', 'फॉक्स लेदर' असं असेल तर ते चामडं नाही. 'जेन्युइन लेदर' असेल तर ते चामडं खरं, पण ते वरच्या मजबूत थराचं की खालच्या कमजोर थराचं, हे विचारा. बिलावर 'खरे चामडे' असं लिहून घ्या, आणि लिहिलेलं तिथेच उभं राहून वाचा. दुकानदार लिहून देत नसेल तर त्याच्याशी भांडू नका. पुढच्या दुकानात जा. नव्या पेठेत दुकानांना तोटा नाही.