वजनाच्या वहीतला हृदयविकार

नांदेड-लातूरकडच्या डॉक्टरांची परिषद म्हटली की नव्या स्टेंटवर एक तरी सत्र असतेच, आणि ते असायलाही हवे. अध्यक्षाच्या खुर्चीवरून आज मात्र बोलायचे आहे ते वजनकाटा आणि वही यांच्याबद्दल. शिवाय वही जपून ठेवणाऱ्या माणसांबद्दल.

इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एक शिस्त पाळली गेली. एथेल मार्गारेट बर्नसाइड या प्रमुख आरोग्यसेविका. बाळ जन्मले की सुईण त्याचे वजन कळवायची. ते वर्षाचे झाले की सेविका दारात हजर. वजन किती, दात किती आले, अंगावर पाजले की बाटलीने, सगळे एका ओळीत. हृदयविकाराचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. लेकरे जगावीत एवढाच हेतू. पुढे संशोधक डेव्हिड बार्कर यांच्या चमूच्या हाती त्या वह्या लागल्या आणि १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढला गेला. आधी पुरुषच घेतले, कारण लग्नानंतर बायकांची आडनावे बदलतात आणि वहीतली नावे जुळत नाहीत. ही अडचण आपल्याला कुणी समजावून सांगायला नको! १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. वर्षाचे असताना ज्यांचे वजन सुमारे ८ किलो किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १२ किलोंवरच्या बाळांच्या मानाने अडीच पटींहून जास्त निघाले.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या हृदयविकार-अभ्यासाची गोष्ट सर्वांना पाठ आहे. १९४८ मध्ये ५,२०९ स्त्री-पुरुषांपासून सुरुवात झाली, दर दोन वर्षांनी तपासणी होत राहिली आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांच्यावरचे बोट पक्के झाले. ओपीडीत आपण रोज जे विचारतो, त्यातले बरेचसे त्या एका गावाने शिकवले. पण ती माणसे बहुतेक गोरी होती, आणि त्यांना लागू पडणारे माप आपल्याला बसेलच असे नाही.

ते का बसत नाही, हे पुण्याने दाखवले. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळची सहा गावे निवडली, गर्भारपणाआधीपासून बायकांची नोंद ठेवली आणि पोटी आलेल्या मुलांचा पाठपुरावा सुरू केला. तिथले नवजात बाळ सरासरी २.७ किलोंचे, इंग्लंडमधले साडेतीन किलोंचे. पण चिमट्यासारख्या यंत्राने पाठीवरची कातडी धरून मोजली, तेव्हा एवढ्याशा बाळाच्या अंगावरही चरबी बऱ्यापैकी टिकून असल्याचे दिसले. उणीव होती ती स्नायूंची. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. हडकुळा दिसणारा गडी ‘मला काय होतंय’ म्हणून तपासणी टाळतो, तेव्हा त्याला हा फोटो दाखवावा.

आता मराठवाड्याकडे येऊ. १९७२ च्या दुष्काळात आया खडी फोडायला जात होत्या आणि सुकडीवर दिवस काढत होत्या. त्यांच्या पोटी तेव्हा जन्मलेले पुरुष आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत, म्हणजे हृदयविकाराच्या ऐन वयात आहेत. त्यांचे जन्माचे वजन कुठे लिहिलेले नाही. अंगणवाडी योजनाच १९७५ मध्ये सुरू झाली. जन्मतारखेचीही तीच गत: गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून लिहून टाकले, आणि अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. वयोमानावर अभ्यास करायचा तर पहिली ठेच इथेच लागते.

पण अंगणवाडी आल्यानंतरच्या पिढीचे तसे नाही. झोळीत टाकलेले बाळ, वर टांगलेला काटा, सुई स्थिर होईपर्यंत थांबलेली ताई आणि तक्त्यावर उमटलेला एक ठिपका: अशा नोंदी गावोगाव झाल्या. आता त्या मोबाइलवर होतात. जुन्या वह्या कपाटात आहेत की रद्दीत गेल्या, हे प्रत्येक तालुक्यात जाऊन विचारले पाहिजे. आणि हे काम परिषदेनेच अंगावर घ्यावे.

‘खेड्यात एवढा पाठपुरावा जमतो का?’ असा प्रश्न येईलच. बार्शीत जमला आहे. तिथली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून सुरू आहे आणि बार्शीबरोबर धाराशिव जिल्ह्यातले परंडा आणि भूम हे तालुकेही तिच्यात येतात. रुग्ण दवाखान्यात येईपर्यंत वाट न पाहता नोंदणीचे कार्यकर्ते गावात जाऊन विचारपूस करतात. देवनारच्या लोकसंख्या संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली, तीही पुन्हा पुन्हा त्याच माणसांकडे जाण्याच्या बेताने. मात्र देशाच्या आकड्यांत मुखेड किंवा औसा तालुका वेगळा दिसत नाही.

तेव्हा दोन तालुक्यांपासून सुरुवात करावी. चाळिशीतले पुरुष घ्यावेत. रक्तदाब, साखर, कमरेचा घेर आणि तंबाखू एवढेच नोंदवावे, आणि जुनी वही मिळाली तर तिच्याशी ताडून पाहावे. यातले बरेच जण ऊसतोडीला, पुण्याला, हैदराबादला गेलेले असतात. म्हणून तपासणी दिवाळीत किंवा हंगाम संपल्यावर ठेवावी. मोबाइल नंबर दोन घ्यावेत, त्यातला एक बहिणीचा. आशाताईंना प्रत्येक भेटीचे मानधन मिळावे. आणि कुणी दगावला, तर ‘झोपेत गेले’ एवढ्यावर न थांबता घरच्यांशी बसून शेवटच्या चोवीस तासांत काय झाले ते लिहून घ्यावे.