वेबपान जड का होते?

परंडा तालुक्यातील सोनारीच्या भैरवनाथ मंदिराची माहिती हजार चिन्हांत लिहिली, तर वेबपानावर ती जेमतेम ३ केबी भरते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. त्याच पानावर मोबाइलने काढलेला ३ एमबीचा फोटो लहान न करता टाकला, की भार हजारपट होतो. सेकंदाला २ लाख बिट एवढ्याच वेगाच्या नेटवर तो उतरायला २ मिनिटे लागतात. शिवाय जाहिराती, वाचकावर नजर ठेवणाऱ्या स्क्रिप्ट आणि कोणीही न मागितलेले व्हिडिओ असतातच. स्क्रिप्ट नुसती उतरून भागत नाही. ती चालवताना स्वस्त फोनचा प्रोसेसरही दमतो. पान बनवणारा ते बहुधा वेगवान नेटवर, महागड्या संगणकावर तपासतो. त्याला हा जडपणा जाणवतच नाही.