पंधरा ताटं



न्यू जर्सीतल्या रटगर्स, एनजेआयटी, स्टीव्हन्स इथले तुमचे रीतसर दीक्षान्त समारंभ आटोपले आहेत. मोठी स्वप्नं बघा, हे तिथे सांगून झालं असणार. इथल्या मंडळाचं बोलावणं आलं तेव्हा मी अध्यक्षांना म्हटलं, मला एकाच विषयावर अनुभवाने बोलता येईल आणि तो शुभकार्यात काढण्यासारखा नाही. विषय आहे, नोकरी जाणं. अध्यक्ष जरा घुटमळले, मग म्हणाले, "बोला, पण जेवणाआधी उरका." तेव्हा उरकतो.

मी मुंबईच्या गिरणगावातल्या लालबागचा. वडील एका मिलमध्ये साचे चालवायचे. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप मागे घेतल्याचं रीतसर कुणी जाहीर केलंच नाही, भोंगे मात्र एकेक करून मुके झाले. आमच्या वडिलांचा हात असा होता, की धागा तुटल्याचं त्यांना साच्याच्या आवाजावरून कळायचं. पण हे ज्यांना ठाऊक होतं ती सगळी माणसं एकाच खात्यातली, एकाच गेटच्या आतली. गेट बंद झालं तशी तीही सगळी बेकार झाली. वडिलांच्या हाताबद्दल चार शब्द सांगेल असं बाहेर कुणी नव्हतं.

आईची खानावळ होती. आमच्या एका खोलीत पंधरा माणसं पाळीपाळीने जेवून जायची. गिरणगावात अशा असंख्य बायका होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत पोचवलं. संपात आईचेही निम्मे जेवणारे गावी निघून गेले. सात ताटं उरली. सात ताटांवर घर धड चालत नाही, पण थांबतही नाही. त्या सातांत एक केईएम हॉस्पिटलातला वॉर्डबॉय होता. आईच्या हातची आमटी त्याला माहीत होती. त्याने दिवाळीपर्यंत आणखी चौघे आणले.

वडिलांचा मालक एक, आईचे पंधरा. मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका वाक्यात आहे.

आता गंमत अशी, की या देशाचा कायदा तुम्हाला माझ्या वडिलांच्या जागी बसवतो. एच-वन व्हिसावर ज्या कंपनीने अर्ज केला तिचंच काम करायचं; संध्याकाळी खानावळ काढायची सोय नाही. नोकरी गेली तर इथे जास्तीत जास्त साठ दिवस थांबता येतं, आणि देशात राहण्याची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. तुमच्यापैकी बरेच जण आधी ओपीटीवर, म्हणजे पदवीनंतरच्या कामाच्या परवानगीवर असाल. तिथे बेकारीचे एकूण नव्वद दिवस चालतात; विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीवर चोवीस महिन्यांची वाढ मिळाली तर सगळे मिळून दीडशे. हे दिवस सलग मोजत नाहीत, साठत जातात.

मी 1998 मध्ये इथे आलो. 10 मार्च 2000 रोजी नॅसडॅक हा शेअर निर्देशांक 5,048 वर बंद झाला तेव्हा आम्हाला वाटलं, हे असंच चालणार. ऑक्टोबर 2002 पर्यंत त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त अंक गेले होते. माझी नोकरी 2001 च्या ऑक्टोबरमध्येच गेली. साठ दिवसांची सवलत तेव्हा नव्हतीच. ती नियमात आली जानेवारी 2017 मध्ये. मी काय केलं? अकरा दिवस रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसलो. बायकोला सांगितलं नाही. रविवारी आईचा फोन आला तेव्हा "काम खूप आहे" म्हणालो. ते अकरा दिवस मी भीतीपोटी घालवले नाहीत, लाजेपोटी घालवले.

बाराव्या दिवशी एका बाईंना फोन केला. वर्षभरापूर्वी एका ग्राहकाकडे त्या टेस्टिंगचं काम बघायच्या. एकदा त्यांच्या अहवालातली एक चूक माझ्या कोडमधून आली होती, ती शोधायला मी शुक्रवारी रात्री थांबलो होतो, आणि नंतर काय केलं याचं दोन पानी टिपण लिहून दिलं होतं. मी ते विसरलो होतो. त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी दोन फोन केले आणि मला नोकरी लागली. माझा वॉर्डबॉय मला असा भेटला.

तेव्हा पंधरा ताटं मांडा. मी लिंक्डइनवरच्या पाचशे ओळखींबद्दल बोलत नाही. तुमच्या हातचं काम ज्यांनी चाखलं आहे अशी पंधरा माणसं, आणि ती सगळी एकाच गेटच्या आतली नकोत. दुसऱ्या टीममधला, ग्राहकाकडचा, जुना प्राध्यापक, ज्याला तुम्ही काम शिकवलंत असा एखादा नवखा. या यादीवर वर्षातून दोनदा नजर टाका. सगळी नावं एकाच कंपनीची निघाली तर समजा, तुम्ही साच्यावर उभे आहात. ही यादी साठ दिवसांत तयार होत नाही. साठ दिवसांत ती फक्त वापरता येते.

बाकीची तयारी कंटाळवाणी आहे, म्हणून भरभर सांगतो. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, आणि त्यात शैक्षणिक कर्जाचा हप्ता धरा. व्हिसा मंजुरीच्या नोटिसा, पगाराच्या पावत्या, अनुभवाची पत्रं यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवा; कंपनीचा लॅपटॉप ज्या मिनिटाला बंद होतो त्या मिनिटाला त्यातलं सगळं परकं होतं. कंपनीची गुपितं मात्र चुकूनही घेऊ नका. साठ दिवस साधारणपणे, ज्या तारखेपर्यंतचा पगार मिळतो तिथून मोजतात. ती तारीख लेखी मागून घ्या. न्यू जर्सीत मोठ्या कंपनीने मोठी कपात केली तर एप्रिल 2023 पासून नव्वद दिवसांची सूचना आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे एक आठवड्याचा पगार देणं बंधनकारक आहे. आरोग्य विमा कोब्रा कायद्याने सहसा अठरा महिने चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के तुमच्या खिशातून. आणि वकिलाला पहिल्या आठवड्यात भेटा, आठव्या नव्हे. साठ दिवसांच्या आत नव्या कंपनीने अर्ज केला, किंवा तुम्ही दर्जा बदलण्याचा अर्ज केलात, तर वाट उघडी राहते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे सगळं करूनही नोकरी जाते, आणि कधी कधी दुसरी मिळत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये मेटाने 11,000 माणसं कमी केली, जानेवारी 2023 मध्ये गूगलने 12,000 आणि मायक्रोसॉफ्टने 10,000. एवढ्या मोठ्या याद्या करताना कुणी एकेकाचा हात बघत बसत नाही. माझ्या वडिलांचाही कुणी पाहिला नव्हता. यादीत नाव आलं म्हणून तुमचं काम वाईट ठरत नाही, आणि आलं नाही म्हणून चांगलंही ठरत नाही. माझ्याबरोबर गेलेल्यांपैकी दोघे पुण्याला परतले. तेव्हा आम्ही त्यांच्याबद्दल हळू आवाजात बोलायचो. आज त्याचीच लाज वाटते.

भारतातून मुद्दाम आलेल्या आईबाबांना एक विनंती. कधी अवेळी फोन आला आणि मुलीने सांगितलं की नोकरी गेली, तर "का गेली?" विचारू नका. ते तिलाही माहीत नसेल. "जेवलीस का?" एवढं विचारा. ज्या घरी हे विचारतात त्या घरची मुलं वाचनालयात लपून अकरा दिवस घालवत नाहीत.

वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "तुझ्या आईने फक्त जेवण केलं." आई काही बोलायची नाही. पण तिच्या वहीत पंधराजणांची नावं, गावं, कुणाला तिखट चालत नाही, कुणाची पगाराची तारीख कोणती, सगळं लिहिलेलं असे. ती वही माझ्याकडे आहे. एवढी नेटकी नोंद मी कुठल्याही कंपनीत पाहिलेली नाही.

अध्यक्षांना दिलेला शब्द पाळतो. जेवण तयार आहे. तुम्ही आता ताटं घेऊन आपापल्या वर्गमित्रांच्या घोळक्यात बसाल, ते आज करू नका. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्या शेजारी बसा. तो काय काम करतो ते नीट ऐकून घ्या, आणि तुम्ही काय करता ते त्याला कळेल असं सांगा.

पहिलं ताट मांडलं गेलं.