यादीत नसलेली नावं



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातल्या कितीतरी जणांची फी तुरीच्या, सोयाबीनच्या पैशातून भरली गेली आहे. म्हणून मी आज शेतकऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या यादीविषयी बोलणार आहे.

२०१९ च्या फेब्रुवारीत पीएम-किसान योजना सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत, थेट खात्यावर. गावनिहाय लाभार्थ्यांची नावं कुणालाही पाहता येतात, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. पुढे कार्यकर्ते व्यंकटेश नायक यांनी माहिती अधिकारात विचारणा केली, तेव्हा सरकारनेच कळवलं की जुलै २०२० पर्यंत २०.४८ लाख अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेले. त्यांत निम्म्याहून जास्त प्राप्तिकर भरणारे होते.

नको तो माणूस यादीत शिरला की गाव बोलतं. हवा तो सुटला, तर बहुधा कुणी बोलत नाही, आणि मला जास्त काळजी त्याची आहे. १ फेब्रुवारी २०१९ ला पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, ज्याचं नाव, पैसा त्याला, असा नियम. दुसऱ्याचं रान बटईने करणारा त्यात बसत नाही. बियाणं त्याचं, कर्ज त्याचं, पाऊस लांबला तर नुकसानही त्याचंच. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावरच्या शेतात जन्मभर खुरपणारी बाईही त्यात नाही. यादी उघडी असते म्हणूनच ही गैरहजेरी बोट ठेवून दाखवता येते.

उघडा हिशेब आपल्याला नवा नाही. बसवण्णा याच कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बिज्जळ राजाचा खजिना सांभाळत. त्यांच्यावर आळ आला तेव्हा सगळ्यांसमोर हिशेब झाला आणि पै न पै जुळली, अशी कथा आपल्याकडे सांगतात. सार्वजनिक पैशाची ही जुनी रीत २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात, कलम ४ मध्ये, स्पष्ट लिहिली आहे: अनुदान योजनेची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने न मागता जाहीर करायचा. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मधली व्यक्तिगत माहितीची तरतूद कडक केली, पण कलम ४ तसंच आहे. ‘खासगी माहिती आहे’ असं उत्तर मिळालं, तर कलम ४ दाखवा.

खासगीपणाचा प्रश्न खोटा नाही. आधार क्रमांक, बँक खातं, फोन भिंतीवर लागता कामा नये. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१० मध्ये शेती अनुदान घेणाऱ्या व्यक्तींची नावं सरसकट छापणं अवैध ठरवलं; कंपन्या-संस्थांना ती सूट नव्हती. नंतर नियम बदलले: अगदी छोटी रक्कम घेणाऱ्याचं नाव झाकलं, मोठ्यांचं उघडं राहिलं. आपल्याकडे उलट आहे: चर्चा दोन हजारांच्या हप्त्याची होते, मोठ्या अनुदानाची नाही. खताच्या दुकानात यंत्रावर अंगठा शेतकऱ्याचा उमटतो आणि अनुदान कंपनीला जातं. ती रक्कम पीएम-किसानच्या दुपटीहून मोठी आहे, पण ग्रामसभेत तिचा विषय निघत नाही. तो काढा.

तुमच्यातले काही पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, होतील, काही तलाठी, काही कृषी खात्यात किंवा बँकेत जातील. यादी हातात आली की ग्रामसभेत मोठ्याने वाचा, कानडीत आणि मराठीतही. वाचून झाल्यावर एकेका सर्व्हे नंबरला विचारा, हे रान यंदा कसतं कोण? जी नावं पुढे येतील ती ठरावात नोंदवा, खाली सह्या घ्या आणि ठराव तालुक्याला पाठवा.