मोटारीचें चाक : किती मोठें असावें?



स्वारगेटच्या जेधे चौकांत दहा मिनिटें उभें राहून आपण नुसतीं चाकें पाहावीं. एस. टी.च्या स्थानकांतून बाहेर पडणाऱ्या गाडीचें चाक माणसाच्या कमरेला लागेल एवढें उंच असतें. शेजारून धांवणाऱ्या रिक्षाचें चाक गुडघ्यापर्यंतही पोंचत नाहीं. पावसाळ्यांत खड्डा आला कीं पहिलें त्यावरून सहज निघून जातें आणि दुसरें त्यांत आपटतें. कारण चाकाचा घेर जितका मोठा, तितकें तें खड्ड्यांत कमी बुडतें. तेव्हां आपल्या मोटारीला मोठीं चाकें बसवावीं असें एखाद्या तरुणास वाटलें, तर त्यांत वेडेपणा कांहींच नाहीं. घोटाळा आहे तो दुकानांत ‘मोठें चाक’ म्हणून जें मिळतें त्यासंबंधींच्या समजुतींत.

दुकानदार चौदा, पंधरा, सोळा असे इंचांचे आंकडे सांगतो. हे आंकडे संबंध चाकाचे नव्हेत. टायर ज्या धातूच्या रिमवर बसतो, त्या रिमच्या व्यासाचे ते आंकडे. चाक खरोखर किती उंच, हें कळण्यास टायरच्या अंगावरील लेख वाचावा लागतो, आणि तो वाचण्यास फार विद्वत्ता नको.

मारुतीची स्विफ्ट गाडी घ्या. २०१८ सालीं निघालेल्या नमुन्यांत साध्या प्रकारांना १६५/८० आर १४ व वरच्या प्रकारांना १८५/६५ आर १५ असे टायर होते. पहिला आंकडा रुंदीचा, मिलिमीटरांत. दुसरा टायरच्या भिंतीच्या उंचीचा; ती रुंदीच्या शेंकडा किती, तें तो सांगतो. ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि शेवटीं रिमचे इंच. आतां पाटी-पेन्सिल घेऊन बसावें. १६५ चे शेंकडा ८० म्हणजे १३२. भिंत वर एकदां व खालीं एकदां, म्हणून २६४. चौदा इंचांचे ३५५.६. एकूण ६१९.६ मिलिमीटर. दुसऱ्या टायरचे याच रीतीनें ६२१.५ येतात. दोन मिलिमीटरांचाही फरक नाहीं! रिम इंचानें वाढली, पण चाक वाढलें नाहीं. धातु वाढला आणि रबराची भिंत १३२ वरून १२० वर आली. याच मापांत सोळा इंची रिम बसवावयाची, तर १९५/५५ चा टायर घ्यावा लागतो व भिंत १०७ वर उतरते.

म्हणजे खड्ड्यांच्या भीतीनें मोठें चाक घ्यावयास गेलेला मनुष्य, खड्ड्यांचा मार सोसणारी गादीच पातळ करून घरीं येतो. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्यें ही पातळ भिंत चेंगरली कीं आंतील धागे तुटतात व टायरच्या कुशीला फुगा येतो. त्यास पंक्चरासारखें ठिगळ लावतां येत नाहीं. टायर टाकूनच द्यावा लागतो. पातळ भिंतीचा गुण नाहीं असें नव्हे. वळणावर गाडी कमी डोलते आणि द्रुतगती मार्गावर हात स्थिर राहतो. पण आपलें रोजचें जाणें सातारा रस्त्यानें असेल, तर त्या गुणाची किंमत आपण कितीदां देणार?

“भिंत तीच ठेवून रिम वाढवूं,” असेंही कोणी म्हणतात. १८५/६५ चा टायर सोळा इंची रिमवर बसविला, तर चाक ६४६.९ मिलिमीटर होतें. शेंकडा चार अधिक. मग कांटा साठ दाखवितो तेव्हां गाडी साडेबासष्टच्या वेगानें धांवत असते. पुरतें वळवितांना टायर आंतल्या पत्र्यास घासण्याचा संभव असतो. कात्रजचा जुना घाट चढतांना इंजिनास ओढ जड जाते, आणि उतरतांना त्याच ब्रेकांना अधिक जोर लावावा लागतो. हें शेवटचें मला सर्वांत गंभीर वाटतें. मुलेंबाळें बसलेली सगळी गाडी रस्त्याला धरून असते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. तेथें हौसेला मर्यादा हवी.

चाक बदलावयाचेंच असेल, तर त्याच गाडीच्या वरच्या प्रकारास कारखान्यानें जें माप दिलें असेल तें घ्यावें. त्यापलीकडे जाऊं नये. नव्या रिमचीं बोल्टांचीं भोकें, मधलें भोंक आणि ती आंत-बाहेर किती बसते, हीं तिन्ही जुळलीं पाहिजेत. टायरच्या मापापुढील भाराचा आंकडा मूळच्याहून कमी नसावा. ८८ असेल तर तो टायर ५६० किलो पेलतो. बदल विमा कंपनीस लेखी कळवावा. टायरवर चार आंकड्यांत त्याचा जन्म लिहिलेला असतो : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानांत झगमगाटाखालीं हा आंकडा पाहावयाचें बहुतेक विसरतात.

मूळचें माप व हवेचा दाब बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या तक्त्यांत असतो. दुकानीं जाण्यापूर्वी तो उतरून घ्यावा. हवा मात्र टायर थंड असतांना भरावी.